डाव राखायचे की प्रतिकार? जपानी युद्धकलांची जुनी आणि नवी रूपं

टोकियो ऑलिंपिकमध्ये ७ ऑगस्ट २०२१ रोजी कराटेच्या ७५ किलोंवरील गटाची अंतिम लढत चालू होती. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४-१ असा पुढे होता. तेवढ्यात त्याची एक लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहच्या डोक्यावर अशी सणसणीत बसली की गंजजादेह मॅटवर आडवाच झाला. त्याला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावं लागलं. पंचांनी आपसात सल्लामसलत करून हमेदीला बाद ठरवलं. सुवर्णपदक गंजजादेहला मिळालं, आणि तेही तो बेशुद्ध असताना.

पाहणाऱ्या अनेकांनी कपाळाला हात लावला. पण नियमाप्रमाणे निकाल चोख होता. या प्रकारच्या कराटेत डोक्यावरचा फटका आवरता घ्यायचा असतो. तो पूर्ण ताकदीनं बसला तर चूक मारणाऱ्याची. अशा वेळी एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘जुनी विद्या खरी होती, आता नुसता खेळ उरलाय.’ त्यात तथ्य थोडं आहे आणि आळस बराच. जुन्या आणि नव्या जपानी युद्धकलांमध्ये फरक आहेच, पण तो ‘खरं’ आणि ‘खोटं’ असा नाही. कशाची बंधनं सोसायची आणि कशाची मोकळीक घ्यायची, याचे ते दोन वेगळे हिशोब आहेत.

रेघ कुठे ओढायची?

जपानमध्ये साधारण १८६८ ही सीमारेषा मानतात. त्या वर्षी शोगुनांची, म्हणजे लष्करी राज्यकर्त्यांची, सत्ता गेली आणि मेइजी राजवट आली. त्याआधी स्थापन झालेली घराणी म्हणजे ‘कोर्यू’, जुने प्रवाह. नंतर आकाराला आलेल्या ज्युदो, केंदो, कराटे-दो, ऐकिदो वगैरे कला म्हणजे ‘गेंदाइ बुदो’, आधुनिक युद्धकला. १८७६ मध्ये सामुराईंना रस्त्यात तलवार बाळगायला बंदी झाली. ज्यांचं पोट तलवार शिकवण्यावर होतं, त्यांचा बाजारच उठला.

डॉन ड्रेगर या अमेरिकन अभ्यासकानं विसाव्या शतकात यावर एक सुटसुटीत कोष्टक लोकप्रिय केलं. नावाच्या शेवटी ‘जुत्सु’ असेल तर ती लढाईसाठी आणि ‘दो’ असेल तर ती स्वतःला घडवण्यासाठी. कोष्टक पाठ करायला सोपं आहे. इतिहास मात्र त्यात बसत नाही. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये आपल्या पद्धतीला ‘ज्युदो’ म्हटलं, पण हे नाव जिकिशिन घराण्यात आधीपासून होतं आणि कानोंना ते ठाऊकही होतं. तेव्हा नावाच्या शेपटाकडे न पाहता सराव कसा चालतो ते पाहावं, हे बरं.

रणांगणावर तलवार दुय्यमच

सामुराई म्हटलं की डोळ्यांपुढे तलवार येते. प्रत्यक्ष लढाईत मात्र आधी धनुष्य, मग भाला आणि १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर तानेगाशिमा बेटावर बंदुका आल्यानंतर बंदूक, असा क्रम होता. चौदाव्या शतकातल्या लढायांमधल्या जखमांच्या नोंदी शिल्लक आहेत. त्यांत बहुतेक जखमा बाणांच्या आहेत. तलवार उपसायची ती भाला मोडल्यावर किंवा गर्दीत जागाच न उरल्यावर. त्याहून जवळ भिडलं की खंजीर आणि हातघाई. चिलखत घातलेल्या माणसाला बुक्के मारून काही साधत नाही. त्याला पाडायचं, दाबून धरायचं आणि फटीतून पातं घालायचं. जुजुत्सुचं मूळ बऱ्याच अंशी इथे आहे. १५३२ मध्ये आजच्या ओकायामा भागात सुरू झालेलं ताकेनोउची घराणं या प्रकारातलं फार जुनं. त्याची सुरुवातच आखूड पात्यासह अंगाला अंग भिडवून करायच्या झटापटीपासून आहे.

चिलखताचा विचार ज्या घराण्यांनी जपला, त्यांच्या तलवारबाजीचं गणित वेगळं असतं. चिबा प्रांतातल्या कातोरी देवस्थानाशी जोडलेलं तेन्शिन शोदेन कातोरी शिंतो-र्यू हे पंधराव्या शतकातलं घराणं आजही चालू आहे. तिथले वार मनगटाच्या आतल्या बाजूला, बगलेत, मानेच्या कडेला, मांडीच्या आतून जातात. जिथे चिलखताला सांधा आहे, तिथे. अभ्यासक्रमात तलवारीबरोबर नागिनाता हे लांब दांड्याचं पातं, भाला, लाठी, फेकायची पाती आणि जुजुत्सु आहे. वर किल्लेबंदी आणि शत्रूच्या बातम्या काढण्याची विद्याही. एकाच गुरूकडे हे सगळं शिकायचं. आज केंदोवाला ज्युदोच्या दोजोत, म्हणजे सरावशाळेत, सहसा पाऊल ठेवत नाही. ती वेगळी खाती नंतर झाली.

शांततेची अडीचशे वर्षं

१६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला पडला, १६३८ मध्ये शिमाबाराचं बंड मोडलं, आणि मग जपानमध्ये मोठी लढाई म्हणून जवळजवळ सव्वादोनशे वर्षं झालीच नाही. ‘जुनी विद्या म्हणजे रणांगणावरची विद्या’ या समजुतीला इथेच तडा जातो. आज टिकून असलेली बहुतेक जुनी घराणी या शांततेच्या काळात स्थापन झालेली किंवा या काळानं घडवलेली आहेत. चिलखत गेलं, अंगात रेशमी किमोनो आला, तलवारबाजी हलकी आणि वेगवान झाली. यागयू मुनेनोरी हे तोकुगावा शोगुनांचे तलवारगुरू. त्यांनी १६३२ मध्ये ‘हेइहो कादेनशो’ लिहिलं, त्यात मन कुठेही अडकू न देण्याची चर्चा वाराच्या चर्चेइतकीच आहे. म्हणजे मनाच्या साधनेची भाषा विसाव्या शतकातल्या शिक्षकांनी आणलेली नाही. ती तीनशे वर्षं आधी दरबारात रूढ होती.

स्पर्धाही तशीच जुनी. क्योतोच्या सान्जुसान्गेन्दो मंदिराच्या सुमारे १२० मीटर लांबीच्या व्हरांड्यातून, छताला न लागता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बाण काढायचे, अशी एक चढाओढ तोकुगावांच्या या एदो काळात रंगायची. १६८६ मध्ये वासा दाइहाचिरो यानं एका दिवस-रात्रीत १३,०५३ बाण सोडले आणि त्यांतले ८,१३३ पार केले. याचा लढाईशी काय संबंध? काहीच नाही. हा सरळसरळ विक्रम होता, आणि तो करणारा अस्सल सामुराई होता.

तक्रारही तितकीच जुनी आहे. मियामोतो मुसाशी यांनी १६४५ च्या सुमारास ‘गोरिन नो शो’ पुरं केलं. इतर घराणी विद्येचा बाजार मांडतात आणि फळापेक्षा फुलाला भाव देतात, असं त्यांनी त्यात सुनावलं आहे.

काता: ठरलेली लढत

जुन्या घराण्यांत शिकवण्याचं मुख्य साधन म्हणजे काता. कराटेत एकट्यानं हवेत करायचा काता आपल्याकडच्या अनेकांनी पाहिलेला असतो. तलवारीच्या घराण्यांतला काता बहुधा दोघांचा असतो. एकानं कसा वार करायचा, दुसऱ्यानं कुठे सरकायचं, कुठे छाटायचं, सगळं आधी ठरलेलं. यात एक खाशी रीत आहे: हरणारी बाजू अनुभवी माणसाची. गुरू किंवा ज्येष्ठ शिष्य ‘उचिदाची’ होतो, म्हणजे वार करतो आणि हरतो. शिकणारा ‘शिदाची’, तो जिंकतो. ज्येष्ठ माणूस वाराचा वेग, अंतर आणि क्षण हळूहळू अवघड करत नेतो. शिकणारा डगमगला तर लाकडी तलवार खरोखर बोटांवर बसते. बाहेरून नाच वाटणारा प्रकार आत उभं राहिल्यावर तसा वाटत नसणार.

कात्याचा मोठा फायदा असा की त्यात काहीही टाळावं लागत नाही. गळ्यात पातं, डोळ्यात बोट, कोपर मोडणं, पडलेल्याचा शिरच्छेद, सगळं ठेवता येतं, कारण दोघांनाही माहीत असतं की पुढे काय येणार आहे. आणि तोटा नेमका हाच. समोरचा आयत्या वेळी काही वेगळं करील, हट्टानं अडवील, घाबरून भलतीकडे पळेल, ही शक्यता सरावातून बाद होते. कातोरी घराण्यात दाखल होताना रक्ताच्या ठशानं शपथ घेतात. विद्या बाहेर सांगणार नाही, आणि परवानगीशिवाय दुसऱ्या घराण्याच्या माणसाशी सामना करणार नाही, अशा अटी त्यात असतात. आपल्याकडच्या गायकीच्या घराण्यांसारखा हा प्रकार आहे; चीज जपायची, ती बाहेर जाऊ द्यायची नाही. फरक इतकाच, की तिथे चीज बाहेर गेली तर शत्रूला तोड सापडण्याची भीती होती.

बांबूची तलवार

मोकळेपणानं, जोरात, एकमेकांना न मारता कसं लढायचं? या प्रश्नाचं पहिलं मोठं उत्तर अठराव्या शतकातलं आहे. जिकिशिनकागे घराण्याचे नागानुमा कुनिसातो यांनी १७१० च्या दशकात डोक्याचं आणि हाताचं संरक्षक साहित्य सुधारलं. शतकाच्या मध्याला इत्तो घराण्याच्या नाकानिशी शाखेनं बांबूच्या पट्ट्यांची ‘शिनाई’ आणि चिलखतासारखा पोशाख घेऊन मोकळा सराव रूढ केला. जुन्या वळणाच्या गुरूंनी नाकं मुरडली. तरुणांची मात्र रीघ लागली. चिबा शूसाकू यांची एदोतली (आजच्या टोकियोतली) गेन्बुकान ही शाळा एकोणिसाव्या शतकात यावरच गाजली.

आजचं केंदो याच वाटेनं पुढे आलं. गुण चारच ठिकाणी मिळतो: डोकं, मनगट, छाती-पोटाची बाजू आणि गळा. पायावर वार नाही. एकोणिसाव्या शतकात र्युगो घराण्याचे लोक नडगीवर वार करायचे आणि इतरांची तारांबळ उडवायचे. केंदोनं ते दालनच बंद केलं. पुरुषांची शिनाई १२० सेंटिमीटरपर्यंत लांब, किमान ५१० ग्रॅम वजनाची. ती सरळ आणि गोल असते. खरी तलवार याच्या जवळपास दुप्पट जड, बाकदार, आणि ती नुसती आपटून चालत नाही, ओढून कापावी लागते. त्यामुळे केंदोतला विजेसारखा मनगटी फटका खऱ्या पात्यानं तसाच मारता येणार नाही.

तरीही केंदोत नुसतं टेकवून गुण मिळत नाही. ललकारी, शिनाई आणि पाऊल यांचा मेळ बसायला हवा, फटका ‘पात्याच्या’ योग्य बाजूनं लागायला हवा, आणि मारल्यानंतरही सावधपणा दिसायला हवा. गुण मिळाल्यावर खेळाडूनं मूठ उंचावून आनंद साजरा केला, तर पंच तो गुण काढूनही घेऊ शकतात. ऑलिंपिकच्या दारात न जाण्याचं केंदोवाल्यांचं धोरण यातूनच येतं, आणि त्यात त्यांचा थोडा ताठाही आहे. मला तो आवडतो.

कानो यांचा हिशोब

जिगोरो कानो १८६० मध्ये आजच्या कोबे शहराच्या भागात जन्मले. अंगानं किरकोळ, शाळेत दांडगट मुलांचा मार खाल्लेला मुलगा टोकियोत शिकायला आला आणि जुजुत्सुच्या गुरूंना शोधत फिरला. तेव्हा जुजुत्सुला फारशी प्रतिष्ठा नव्हती. काही जाणकार हाडं बसवून पोट भरत. कानोंनी तेन्जिन शिन्यो घराण्यातून पकडी, गळफास आणि मर्मावरचे आघात घेतले. किटो घराण्यातून फेकी घेतल्या. १८८२ मध्ये एइशोजी मंदिरात १२ तातामी चटयांच्या जागेत त्यांनी कोदोकान सुरू केलं.

त्यांनी केलेली वाटणी फार विचारपूर्वक होती. फेकी, दाबून धरणं, गळफास आणि कोपराची पकड हे सगळं ‘रांदोरी’त, म्हणजे मोकळ्या झुंजीत ठेवलं. बुक्के, लाथा, मर्माघात आणि शस्त्राचे डाव कात्यात ठेवले. टाकून दिले नाहीत. पडणं कसं झेलायचं ते आधी शिकवलं. आता कोणीही रोज, पूर्ण जोरानं, अडवणाऱ्या माणसावर फेक करून पाहू शकत होता आणि उद्या पुन्हा चटईवर येऊ शकत होता. १८८० च्या दशकात टोकियो पोलिसांकडे झालेल्या लढतींत कोदोकानच्या शिष्यांनी जुन्या घराण्यांच्या नावाजलेल्या खेळाडूंना हरवलं. कानोंच्या मुलांकडे डाव कमीच होते, पण ते प्रतिकारात घासून लख्ख झालेले होते. डोळ्यात बोट घालण्याचा डाव ज्याला माहीत आहे पण जो त्यानं कधी कोणावर करून पाहिलेला नाही, त्याच्यापेक्षा हजार वेळा खरी फेक मारलेला माणूस भारी पडतो. माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे: घातक डाव राखायचे तर मोकळा प्रतिकार सोडावा लागतो, आणि प्रतिकार हवा असेल तर घातक डाव सोडावे लागतात. दोन्ही एकाच वेळी पदरात पडत नाहीत.

या सौद्याची किंमत ज्युदो अजून मोजतोय. १९६४ मध्ये टोकियोत तो ऑलिंपिकमध्ये आला. खुल्या गटात नेदरलँड्सच्या अँटोन गेसिंकनं अकिओ कामिनागाला नमवलं आणि ज्युदो जपानची घरची मालमत्ता राहिली नाही. मग प्रेक्षक, दूरदर्शन, वजनगट, गुणांची गणितं. २०१३ च्या नियमांनी उभ्यानं लढताना पायाला हात घालायला पूर्ण बंदी केली. कुस्तीत पट काढणाऱ्या पैलवानाला हे विचित्र वाटेल, आणि जुन्या जुजुत्सुच्या माणसालाही. नियम ज्या दिशेनं वाकतात, त्या दिशेनं कला वाकते.

कराटे शाळेतून आलं

कराटेची गोष्ट निराळी, कारण ते मूळ जपानच्या मुख्य बेटांचं नाहीच. ते ओकिनावाचं, चिनी कलांच्या सावलीत वाढलेलं. ओकिनावाचं राज्य १८७९ मध्ये जपानमध्ये विलीन केलं गेलं. अंको इतोसु यांनी १९०१ पासून शाळेतल्या मुलांना ते शिकवायला सुरुवात केली. मोठ्या गटाला एका सुरात शिकवायचं तर रांगा हव्यात, आज्ञा हव्यात, सोपे तुकडे हवेत. म्हणून त्यांनी पिनान नावाचे पाच काता बसवले. आजही कराटेच्या वर्गात जे ‘एक, दोन, तीन’ चालतं, ते सामुराईंकडून आलेलं नाही, या शाळेच्या मैदानातून आलेलं आहे. जुन्या कात्यांत धरणं, मुरगाळणं, पाडणं लपलेलं होतं. कवायतीत ते पुसट झालं आणि हवेतला ठोसा उरला.

गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये टोकियोत प्रात्यक्षिक दाखवलं, कानोंनी त्यांना कोदोकानमध्ये बोलावलं, आणि पुढे पांढरा पोशाख, पट्टे, दान-श्रेणी हे सगळं ज्युदोकडून कराटेत आलं. फुनाकोशींना स्पर्धा पसंत नव्हती. ते एप्रिल १९५७ मध्ये वारले आणि जपान कराटे असोसिएशनची पहिली अखिल जपान स्पर्धा त्याच वर्षी झाली. अंगाला भिडण्याआधी फटका थांबवण्याचा नियम तेव्हापासूनचा. मासुतात्सु ओयामा यांच्या क्योकुशिननं उलट वाट धरली: ठोसे अंगावर पूर्ण जोरानं मारा, पण हातानं चेहऱ्यावर मारायचं नाही. म्हणजे दोघांनीही काहीतरी सोडलंच.

पोलीस, शाळा आणि सरकार

तलवारबंदीच्या काळात ही विद्या जगली कशी? थोडी तमाशावर जगली. शोगुनांच्या पदरी असलेले साकाकिबारा केनकिची यांनी १८७३ मध्ये असाकुसात तिकीट लावून तलवारबाजीचे सामने भरवले. मग १८७७ च्या सात्सुमा बंडात पोलिसांच्या तलवारधारी तुकडीनं नाव काढलं आणि टोकियो पोलिसांनी तलवारगुरूंना नोकऱ्या दिल्या. १८९५ मध्ये क्योतोत दाइ निप्पोन बुतोकुकाई ही संस्था निघाली, १९११ मध्ये तलवारबाजी आणि जुजुत्सु माध्यमिक शाळांच्या अभ्यासक्रमात आले. १९१२ मध्ये अनेक घराण्यांच्या जाणकारांनी बसून केंदोचे सामाईक काता ठरवले.

या सरकारी आश्रयाची काळी बाजूही सांगायला हवी. १९३० च्या दशकात शाळेतलं केंदो आणि ज्युदो लष्करी शिस्तीचा भाग झालं. आज ज्या ‘बुशिदो’च्या, म्हणजे सामुराई-धर्माच्या, नावानं ‘प्राचीन’ म्हणून बरंच काही विकलं जातं, त्यातलं पुष्कळसं या काळात घट्ट झालेलं आहे. दुसरं महायुद्ध हरल्यावर दोस्त राष्ट्रांच्या प्रशासनानं शाळांतल्या युद्धकला बंद केल्या, १९४६ मध्ये बुतोकुकाई बरखास्त झाली. केंदो परतलं ते १९५० मध्ये ‘शिनाई क्योगी’ असा निव्वळ खेळाचा अवतार घेऊन. १९५२ मध्ये अखिल जपान केंदो महासंघ झाला. २०१२ पासून जपानच्या कनिष्ठ माध्यमिक शाळांत युद्धकला सक्तीच्या आहेत.

दाखला आणि पट्टा

जुन्या घराण्यांत श्रेणी म्हणजे गुरूनं दिलेला कागद: आधी यादीची गुंडाळी, मग परवाना, आणि शेवटी ‘मेन्क्यो काइदेन’, सगळी विद्या दिली असा दाखला. घराण्यागणिक पायऱ्या वेगळ्या. काळ्या पट्ट्यामागची ‘दान’ पद्धत कानोंनी १८८३ मध्ये ज्युदोत आणली आणि ती इतरांनी उचलली. तिचा गुण असा की ती दोन अनोळखी दोजोंमधल्या माणसांची तुलना करू देते. पांढऱ्या आणि काळ्याच्या मध्ये पिवळ्या-नारिंगी-हिरव्याची शिडी युरोपातल्या ज्युदो क्लबांत वाढली. मुंबई-पुण्यातल्या कराटे वर्गांत ज्या रंगासाठी मुलं आणि त्यांहून जास्त पालक जीव टाकतात, त्या रंगाला सामुराई परंपरेचा आधार नाही.

रेघेवर बसलेलं ऐकिदो

मोरिहेई उएशिबा यांनी १९१५ मध्ये होक्काइदोत सोकाकू ताकेदा यांच्याकडे दाइतो-र्यू ही जुजुत्सुची पद्धत शिकायला सुरुवात केली. ‘ऐकिदो’ हे नाव १९४२ मध्ये ठरलं. कला आधुनिक, भाषा सलोख्याची. पण सराव पाहिला तर तो जुन्याच्या जवळ जातो: मुख्य प्रवाहात स्पर्धा नाही, दोघं ठरलेल्या भूमिका घेतात, एक हल्ला करतो आणि पडतो. फक्त इथे पडणारा ज्येष्ठच असतो असं नाही, आणि त्यामुळे काता अवघड करत नेण्याची ती जुनी युक्ती बऱ्याचदा हरवते. कानोंचे शिष्य केन्जी तोमिकी यांनी ऐकिदोत स्पर्धा आणली, तेव्हा मूळ मंडळींना ते रुचलं नाही.

पाहायचं असेल तर

टोकियोत ३ नोव्हेंबरला मेइजी देवस्थानात आणि फेब्रुवारीत निप्पोन बुदोकानमध्ये जुन्या घराण्यांची प्रात्यक्षिकं होतात. तिथे हातांपेक्षा पायांकडे आणि अंतराकडे पाहावं. कातोरी घराण्याचा माणूस तलवार उपसतो तो एक गुडघा उचललेल्या, उडी घेता येईल अशा बैठकीतून. आजच्या इआइदोच्या, म्हणजे तलवार उपसण्याच्या आधुनिक कलेच्या, प्रमाणित मालिकेतला पहिला प्रकार मात्र दोन्ही गुडघे मोडून, टाचांवर बसून सुरू होतो. घरात लांब तलवार कमरेला खोचून तसं कोणी बसत नसे. दोघांच्या कात्यात वार करणारा खरोखर पोहोचेल इतका पुढे येतो की शिष्टाचारानं अलीकडेच थांबतो, हेही पाहावं. अलीकडे थांबत असेल, तर घराणं कितीही शतकांचं असो, समोरच्याला बाजूला सरकण्याची गरजच उरलेली नसते.